शेपटीसकट मासा

"यालान आज येतेय जेवायला," रुइझूने सुनेला लेकीबद्दल सांगितलं ते माशाच्या कल्ल्यात बोटं घालून, मान वर न करता.

त्साइफन तांदळाच्या वड्या कापत होती. तिची सुरी थांबली.

"आज?"

"आज. दुपारच्या लाँचने."

"पण ती परवा येते ना दरवर्षी?"

"यंदा आज येतेय. मी बोलावलंय."

त्साइफनने सुरी खाली ठेवली आणि हात पुसले. या घरात नवं वर्ष सुरू व्हायला अजून अर्धा दिवस होता आणि पहिलं भांडण दारात येऊन उभं राहिलं होतं. लग्न झालेल्या मुलीने माहेरी यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, हातात मिठाई घेऊन, पाहुणी म्हणून. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तिने बापाच्या घरी घास घेतला, तर भावाची बरकत त्या घासाबरोबर जाते. नवऱ्याला सोडून आलेल्या मुलीलाही यातून सूट नव्हती, उलट तिच्या बाबतीत लोक जास्तच कडक. बेटावर असं न मानणारेही होते. फक्त त्यांच्यापैकी कुणाच्या मालकीची बोट नव्हती.

"यांना सांगितलंत?"

"तू सांग."

"मी का म्हणून?"

"मी सांगितलं तर तो माझ्याशी भांडेल. तू सांगितलंस तर तुझ्याशी भांडेल, आणि तुमचं भांडण रोजचंच आहे."

त्साइफनला हसू येत होतं, ते तिने आवरलं. "आई, पंधरा दिवसांनी नवी बोट पाण्यात उतरायचीय. दुसरं कुठलंही वर्ष चाललं असतं."

"दुसरं वर्ष आहे कुठे?" रुइझू म्हणाली. "वसंतात तिचं लग्न. त्या वूहू शहरातल्या मास्तराशी. मग पुढच्या वर्षापासून ही संध्याकाळ त्यांच्या घरची. माझ्या हातात ही एकच आहे. एकदा तिला आपल्या टेबलाशी पोटभर जेवताना बघायचंय मला. बस्स, एवढंच."

हे बोलून तिने मासा पाण्याखाली धरला. चांगला हातभर लांब पिवळा मासा होता, पाळलेला नव्हे, समुद्रातला. असा मासा हल्ली वर्षावर्षात दिसत नाही. तिच्या धाकट्या दिरांनी, गेनफा काकांनी, कुणाकुणाचे पाय धरून तो मिळवला होता. रुइझूने त्याची शेपटी दोन बोटांत धरून उलगडली आणि तशीच धरून ठेवली.

नऊ वर्षांपूर्वी अशाच संध्याकाळी यालान दारात उभी होती. काडीमोड होऊन आठ दिवस झालेले, पायाशी सुटकेस. रुइझूने तिला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. स्वतः हात धरून तिला बंदरावरच्या धर्मशाळेसारख्या लॉजवर नेलं, खोलीचं भाडं भरलं आणि "दोनच दिवस गं" म्हणाली. परत येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. या दिवशी मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा लागतो, म्हणजे वर्षाची सुरुवात आणि शेवट दोन्ही धड होतात. तिने त्या माशाची शेपटी मागच्या चांगल्या मांसासकट कापली, डब्यात भरली आणि लॉजवर पोचवून आली. ताटातल्या माशावर, जिथे शेपटी असायची तिथे, कोथिंबिरीची जुडी पसरली. कुणाला कळलं नाही. त्या वसंतात मुलाची, हायपिंगची बोट, म्हणजे त्याच्या बापाची बोट, खडकावर आपटून बुडाली. माणसं वाचली. हायपिंग तेव्हापासून दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबला. अख्खं बेट म्हणालं, त्या बहिणीचा पायगुण. रुइझूने तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि नंतर उघडायची वेळ निघून गेली. पोरीच्या पोटात त्या रात्री निदान सणाचा मासा गेला, या एका गोष्टीवर तिने नऊ वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

*

नवी बोट धक्क्यावर लाकडाच्या आधारावर उभी होती. तिचे दोन्ही डोळे, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ठोकलेले काळेपांढरे लाकडी डोळे, लाल फडक्याने झाकलेले होते. बोट पाण्यात उतरेल त्या दिवशी ते उघडायचे. तोवर तिने काही वाईट पाहू नये. हायपिंग शिडीवर चढून फडक्याची गाठ पुन्हा आवळत होता आणि खाली गेनफा काका, म्हणजे त्याच्या बापाचे धाकटे भाऊ, विडी ओढत त्याला चुका दाखवत होते.

त्साइफनने खालूनच सांगून टाकलं. अशी गोष्ट नवरा शिडीवर असताना सांगावी, त्याला लगेच हातवारे करता येत नाहीत, एवढं ती संसारात शिकली होती.

"आईचं डोकं फिरलंय का?" हायपिंग वरून म्हणाला.

"खाली उतरून बोला."

"मागे अशाच संध्याकाळी आली, तेव्हा तिने घरात पाऊलही ठेवलं नव्हतं. नुसती बेटावर आली, तर बाबांची बोट गेली. आता जेवायलाच बसवताय?"

"बोट तुझ्या डुलकीने गेली," काका म्हणाले. "सुकाणूवर कोण होतं?"

"काका, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच आहे. तुझा बाप गेल्यापासून घरातला थोरला म्हणून माशाचं डोकं माझ्याकडे असतं ना ताटात? मग मी सांगतो. पोरगी येऊ दे."

हायपिंग उतरला. त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. या घरात सासू आणि काका एका बाजूला गेले की त्साइफन त्याच्या बाजूला यायची, तसा शिरस्ताच होता. ती येईल म्हणून तो थांबला.

त्साइफन लाल फडक्याकडे बघत होती. त्या वर्षी ताट तिनेच स्वयंपाकघरातून उचलून आणलं होतं. जड मासा एका टोकाला हलका का लागतोय म्हणून तिने कोथिंबीर बोटाने बाजूला केली होती आणि पाहिलं होतं. मग परत सारखी करून ठेवली होती. बोट बुडाल्यावर लोक नणंदेला नावं ठेवू लागले, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. निदान सासूला कुणी काही म्हणत नाही आणि आपल्यालाही कुणी विचारत नाही, म्हणून.

"येऊ दे तिला," त्साइफन म्हणाली.

"तू पण?"

"मी पण. आणि तिच्यासमोर तोंड सांभाळा."

हायपिंगने शिडी उचलून खांद्यावर घेतली. आपल्याच घरात आपण एकटे पडलोय हे त्याला कळलं होतं, पण का, ते कळत नव्हतं.

*

शेनच्यामेन बंदरातून सुटणाऱ्या लाँचवर त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. जो तो हातात कोंबडी, संत्र्यांच्या पिशव्या, दारूच्या पेट्या घेऊन घर गाठायच्या घाईत. यालानला खिडकीपाशी कशीबशी जागा मिळाली. बेटाचं दीपगृह दिसायला लागलं तसं तिने पिशवीतून झटपट शेवयांचं गोल खोकं काढलं, त्यात लाँचवरच्या गरम पाण्याच्या नळाचं उकळतं पाणी घातलं आणि झाकण दाबून बसली.

शेजारच्या बाईला राहवेना. "अगो, घरी जेवायला चाललीस ना? आजच्या दिवशी हे काय खातेस?"

"भूक लागलीय."

"तासाभरात तर पोचू. आई ओरडेल की."

"ओरडेल," यालान म्हणाली आणि तिने शेवया खायला सुरुवात केली. तिने त्या सगळ्या खाल्ल्या. तळाचा तेलकट रस्साही पिऊन टाकला, नको झाला होता तरी.

आई फोनवर रडली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने "परवा ये" च्या ऐवजी "ये" म्हटलं होतं. यालानला त्याचा आनंद झाला होता आणि रागही आला होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती फोनवर फक्त "बरं" म्हणाली होती.

*

आधी पितरांना जेवू घातलं. टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या, दारूचे छोटे पेले, उदबत्त्या, आणि भिंतीवरच्या फोटोतून बघणारा म्हातारा बाओ, रुइझूचा नवरा. उदबत्त्या विझल्यावर सगळं परत गरम केलं आणि जिवंत माणसं बसली. बाहेर अजून उजेड होता.

रुइझूने यालानला आपल्या शेजारी बसवलं. पलीकडे शाओबोचा वाडगा होता. शाओबो म्हणजे हायपिंगचा मुलगा, तो मालवाहू जहाजावर, कुठल्या तरी लांबच्या समुद्रात. घरचा माणूस या दिवशी दूर असला तर त्याचा वाडगा आणि जेवायच्या काड्या मांडायच्या, त्यात वाढायचंही. यालानने त्या वाडग्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत आपला मांडला होता का, हे तिने विचारलं नाही. रुइझूला ते न विचारताच ऐकू आलं. मांडला नव्हता.

"घे, वडी घे," रुइझू म्हणाली. "दरवर्षी एक पायरी वर चढवते ही वडी. लग्नाच्या वर्षी तर हवीच."

"हे गोळे घे," त्साइफन म्हणाली. "सगळे एकत्र राहावेत म्हणून गोल असतात."

"पालेभाजी अख्खी खा हां, तोडायची नाही," काका म्हणाले. "माझं आयुष्य त्यावर आहे. मागच्या वर्षी तुझ्या दादाने पान मधेच तोडलं आणि मला लगेच दमा."

"तुम्हाला दमा विडीने झाला," हायपिंग म्हणाला.

सगळे हसले. हायपिंगही हसला, आणि मग आपण हसलो याचं त्याला वाईट वाटलं. त्याने लाल रसाच्या शिंपल्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. त्यांची टरफलं जपून ठेवायची, त्यांना घरात पैशाचा मान. तो एकेक टरफल वाटीत टाकत राहिला, खणखण आवाज करत.

मासा आला. डोकं काकांकडे, शेपटी रुइझूकडे. वर आलं आणि पातीचा कांदा, कोथिंबिरीचं एक पानही नाही. हा मासा वरच्या बाजूने थोडाच खायचा, खालची बाजू नव्या वर्षासाठी राखायची. आणि उलटा तर कधीच करायचा नाही. कोळ्याच्या घरात ताटातला मासा उलटला की समुद्रात बोट उलटते, हे इथे मुलांना बोलायच्या आधी कळतं. काकांनी पहिला घास घेतला. रुइझूने माशाच्या गालाचं मऊ मांस, सगळ्यात चांगलं, काडीने सोडवलं आणि यालानच्या वाडग्यात ठेवलं.

वाडगा भरला होता. वडी, गोळे, भाजी, कोंबडी, वर मासा. यालानच्या काड्या टेबलावर होत्या तशाच होत्या.

"खा ना," रुइझू म्हणाली.

"खाते."

"कधी? थंड झाल्यावर?"

"आई, मी जेवून आलेय."

काकांनी घास चघळायचा थांबवला. "जेवून? कुठे?"

"लाँचवर. शेवया खाल्ल्या."

"पाकिटातल्या?"

"खोक्यातल्या."

"आजच्या दिवशी," रुइझू म्हणाली. तिने त्या भरलेल्या वाडग्याकडे पाहिलं. "आजच्या दिवशी, पोरी."

हायपिंगने दारूचा पेला खाली ठेवला. "आम्हाला दाखवायला केलंस हे. बोलावलं तर आलीस, आणि आता घास घ्यायचा नाही. म्हणजे गावभर म्हणायला मोकळी, भावाने उपाशी ठेवलं."

"दादा, तसं नाही."

"मग कसं? मागच्या वेळी उंबरठ्याबाहेरूनच बाबांची बोट खाल्लीस..."

"त्या वर्षीच्या माशाला शेपटी नव्हती," त्साइफन म्हणाली.

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की हायपिंगला वाटलं ती मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणतेय.

"काय?"

"ताट मी आणलं होतं. कोथिंबिरीखाली काही नव्हतं. कापलेला मासा ठेवला होता आपण टेबलावर. तुम्ही हिला बोलता, नऊ वर्षं बोलताय, आणि मी ऐकत बसते."

हायपिंग आईकडे वळला. रुइझूने हात मांडीवर घेतले.

"मी नेली होती," ती म्हणाली. "डब्यातून, लॉजवर. तू घरात जेवायला बसला होतास आणि तुझ्या नशिबासाठी ही तिकडे एकटी. मला दोघांनाही काहीतरी द्यायचं होतं. वाटलं, तुला डोकं पुरेल, हिला शेपटी. निदान सणाचं काहीतरी हिच्या पोटात जाईल." ती यालानकडे वळली. "तेवढं तरी गेलं ना पोटात. मी रोज तेच म्हणायचे. पोरीने त्या रात्री मासा तरी खाल्ला."

यालानने आपला वाडगा थोडा पुढे सरकवला. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि तिने बोलावं असं टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी वाटत होतं.

"मी नाही खाल्ली ती, आई."

"म्हणजे?"

"डबा उघडला, शेपटी पाहिली आणि कळलं. तू अख्खा मासा कापलायस. कोळ्याची मुलगी आहे मी. ती खाल्ली असती तर दादाच्या ताटातलंच खाल्लं असतं ना. धक्क्यावर गेले आणि पाण्यात सोडली. परत जाऊ दे म्हटलं समुद्रात. तुझी चूक आणि माझी, दोन्ही."

"मग रात्री जेवलीस काय?"

"काही नाही. सगळी दुकानं बंद होती. दुसऱ्या दिवशी लॉजवालीने पाव दिला."

रुइझूने टेबलाच्या कडेला धरलं. नऊ वर्षं जपून ठेवलेली एकच गोष्ट होती तिच्याकडे, तीही खोटी निघाली. दारातून परत पाठवलेल्या पोरीला तिने उपाशीही ठेवलं होतं, आणि वर समाधान मानलं होतं.

"तरी बोट गेली," हायपिंग म्हणाला.  आता तो बहिणीला बोलत नव्हता. "तू खाल्लं नाहीस, तरी गेली."

"तुझ्या डुलकीने," काका म्हणाले, पण या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

हायपिंग उठला. अर्ध्या टेबलावर वाकून त्याने हाताने, काड्यांनी नव्हे, माशाची शेपटी धरली. मागचं मांस हाडावरून सुटायला लागलं.

"हे घे," तो म्हणाला. "मी देतोय. माझ्या ताटातलं. खा माझ्यासमोर."

यालानने त्याचं मनगट पकडलं. तिची पकड बापासारखी होती, जाळं ओढणाऱ्याची, आणि ती सुटेना.

"दादा, सोड."

"खा आधी."

"सोड म्हणते ना. बोट नवी आहे तुझी. तिचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून." तिने पकड आणखी घट्ट केली. "मासा तोडणार असशील तर त्या रात्री मी उपाशी कशाला राहिले? आणि आज त्या घाणेरड्या शेवया कशाला गिळल्या?"

हायपिंगच्या हातातून शेपटी सुटली. ती अजून माशाला लागून होती. त्साइफनने पुढे होऊन दोन काड्यांनी ती सरळ केली, पुन्हा ताटात नीट बसवली आणि नवऱ्याच्या बोटांना लागलेलं तेल आपल्या लांब बाहीने पुसलं. त्याने हात तसाच पुढे धरला होता.

"परवा ये खायला," तो शेवटी म्हणाला. "परवा चालतं. खालची बाजू राखून ठेवतो."

"परवा त्यांच्या आईकडे बोलावलंय, वूहूला. उद्या सकाळच्या लाँचने निघायचंय."

"बरं," हायपिंग म्हणाला. बसला. त्याच्याकडे तेवढंच होतं.

*

काकांनी दोनतीन विनोद करून पाहिले. यालान हसली, तिने काकांच्या पेल्यात दारू ओतली, वहिनीला मास्तराचे फोटो दाखवले. मास्तर टकला होता आणि त्यावर बरीच मस्करी झाली. बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा ती हायपिंगबरोबर अंगणात गेली, त्याने माळ लावली आणि तिने लहानपणीसारखे कान झाकून घेतले. रुइझू दारातून बघत होती. पोरगी घरात होती, सणाच्या दिवशी, दिव्याच्या उजेडात. हेच तर हवं होतं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

मग ती टेबल आवरायला आली. दरवर्षी हा मासा मुद्दाम उरवायचा, भूक असली तरी हात आवरायचा, म्हणजे येत्या वर्षात घरात काही कमी पडत नाही. यंदा कुणाला हात आवरावा लागला नव्हता. तिने ताटावर बांबूचं झाकण ठेवलं.

शेवटी दोन वाडगे उरले, शेजारी शेजारी. एक शाओबोचा, जो आला नव्हता. एक यालानचा, जी आली होती. दोन्ही तिनेच आपल्या हाताने काठोकाठ वाढले होते आणि दोन्ही सारखेच भरलेले होते. कुठला कुणाचा, हे ओळखायला तिला माशाचा गाल शोधावा लागला.